उसने वय

आमच्या घरातला रेडिओ माझ्याहून थोरला आहे. आजोबा मुंबईला गिरणीत कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे असंख्य चाकरमान्यांप्रमाणे तेही गावी परतले. ट्रंक, स्टोव्ह आणि हा रेडिओ, एवढेच सामान बरोबर आले. त्या वेळी रेडिओची बटने पांढरीशुभ्र होती, असे आजी सांगते. मी पाहतो आहे तेव्हापासून ती फणसाच्या गऱ्यासारखी पिवळी आहेत.

२०२४ च्या मार्च महिन्यात त्यांतले एक बटन तुटले. सुट्टीत मी येथील एका दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. तिथल्या डब्यात मापाचे बटन मिळाले, पण ते पांढरे. तोंडात एकच नवा दात बसवावा तसे ते दिसू लागले. मग ते पिवळे करण्याचा नाद मला लागला. प्रथम चहाच्या पाण्यात उकळले. रंग वरवर चढला आणि ओल्या फडक्याने पुसला गेला. मग कौलांवर उन्हात ठेवले. वैशाख सरेपर्यंत ते खरोखरच पिवळटले. आजोबा ओटीवर बसून माझा उद्योग पाहत होते. म्हणाले, “अरे झिला, नव्या बटनाक म्हातारा कित्याक करतंस?”

मी हसलो. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

प्लॅस्टिक पिवळे का पडते? सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात, हवेतला प्राणवायू त्या तुटक्या टोकांना येऊन मिळतो आणि रंग धरणारे नवे घटक तयार होतात. उष्णतेने हे काम आणखी वेगाने होते. पण हा बदल मुख्यतः वरच्या पातळ थरात असतो. सुईने खरवडले, की आतून मूळचा पांढरा रंग डोकावतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. साखळ्या तुटल्या, की प्लॅस्टिक ठिसूळ होते. म्हणजे वस्तूला म्हातारे दिसायला लावायचे, तर तिच्या आयुष्यातला काही भाग खरोखरच खर्च करावा लागतो. हे वय फुकट मिळत नाही.

हे ज्ञान चांगल्या कामालाही येते. कारखान्यांत झेनॉन दिव्यांच्या प्रखर प्रकाशात प्लॅस्टिकचे तुकडे मुद्दाम जुने केले जातात. बाहेरच्या उन्हात जे घडायला वर्षे लागतील, ते तिथे थोड्या काळात पाहता येते आणि मग माल किती टिकेल याचा अंदाज बांधता येतो. आमच्या स्नेहसंमेलनातील नाटकासाठी आम्ही एका नव्या टेलिफोनला पातळ तपकिरी रंग फासून जुना केला. त्यात कोणी फसले नाही, कारण पडदा वर गेला की हे सोंग आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते.

आता न सांगण्यासारखे सांगतो. माझे बटन पाहून दुकानात येणाऱ्या एका व्यापाऱ्याने मला काम दिले. तो किनाऱ्यावरच्या पर्यटक निवासांना शोभेचे सामान पुरवतो. जुन्या धाटणीचे, पण नवे बनविलेले बारा रेडिओ होते. त्यांच्या पट्ट्या आणि बटने मला पिवळी करायची होती. मोबाइलच्या काचेचा गोंद सुकवण्यासाठी दुकानात अतिनील दिवा असतो. त्याखाली मी त्या रात्री-रात्री ठेवल्या. मजुरी मिळाली, त्यातून माझी परीक्षा फी भरली गेली. पुढे मित्रांबरोबर मालवणकडे गेलो असता त्यांतला एक रेडिओ मला एका दिवाणखान्यात दिसला. पट्टीच्या कोपऱ्यावरचा माझ्या हातून पडलेला चरा मी ओळखला. शेजारी चिठ्ठी होती : ‘कोकणातील जुन्या घरातून’. लोक त्याच्याजवळ उभे राहून छायाचित्रे काढत होते. मला कोणाच्या डोळ्याला डोळा देववेना.

कोणी म्हणेल, पाहणारा खूष, विकणारा खूष, यात बिघडले काय? मला वाटते, बिघडले ते असे. खऱ्या जुन्या वस्तूचे मोल तिच्या रंगात नसते. आपल्या देशाच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानेही पुरावस्तूसाठी साधारणपणे किमान शंभर वर्षांची अट घातली आहे. तिथे वर्षे मोजतात, डाग मोजत नाहीत. आमच्या रेडिओच्या पिवळेपणात चुलीचा धूर आहे, मृगाच्या पावसात कान लावून ऐकलेल्या बातम्या आहेत, गिरणी सुटलेल्या माणसाची चाळीस वर्षे आहेत. ती वर्षे दिव्याखाली काही रात्रींत तयार करून विकायची, म्हणजे ज्यांनी ती खरोखर काढली त्यांच्या कष्टांची नक्कल विकणे होय. शिवाय उद्या एखाद्या गरजू घराने खरा जुना रेडिओ विकायला काढला, तर गिऱ्हाईक त्यालाच विचारील, “हा खरा कशावरून?”

या गोष्टीचा मला अधिक राग येतो, त्याला एक खासगी कारण आहे. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. पहिल्या वर्षी एका वर्गमित्राने माझ्याजवळची पिवळ्या पानांची पुस्तके पाहून विचारले, “घरची का?” मी म्हणालो, “हो, आजोबांची.” ती मी कोल्हापूरला पदपथावर घेतली होती. आजोबांना सहीपुरतीच अक्षरे येतात. त्या दिवशी मी माझ्या घराला उसने वय लावले, आणि ज्या माणसाच्या घामावर मी इथवर आलो, त्याची खरी चाळीस वर्षे लपवली. तो मित्र हा अंक वाचील, म्हणून इथेच सांगून टाकतो.

दुरुस्तीसाठी रंग जुळवावा, नाटकासाठी सोंग घ्यावे, परीक्षेसाठी वस्तू जाळावी-तापवावी. माझी त्याला ना नाही. अट एकच : विचारणाऱ्याला खरे सांगण्याची तयारी हवी.

आमच्या रेडिओचे ते पिवळे बटन मी परत काढले आणि त्याच्या पाठीवर सुईने ‘२०२४’ असे कोरले. समोरून ते इतरांत मिसळते. काढून उलटे केले, तर आपले वय खरे सांगते. आजोबांना दाखवले, तेव्हा त्यांनी ते चष्म्याजवळ धरले, अंगठ्याने आकडे चाचपले आणि काही न बोलता बातम्या लावल्या.