तेवीस मिनिटांचे गाणे कोण ऐकणार?



पालक-सभेत हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते. मुले कानात हेडफोन घालून बसतात, काय ऐकतात ते कळत नाही, आणि विचारले तर 'रॉक' एवढेच उत्तर देऊन मोकळी होतात. यंदा त्यात भर पडली आहे. नववीच्या पाच विद्यार्थ्यांनी स्नेहसंमेलनात प्रोग्रेसिव्ह रॉक या प्रकारातले बारा मिनिटांचे वादन करण्याची परवानगी मागितली, आणि काही पालकांनी त्याला लेखी विरोध नोंदवला. एवढा वेळ बसून ऐकणार कोण, हा नुसता गोंगाट आहे, आणि हे आपले नाही, असे त्यांचे तीन मुद्दे आहेत. तिन्ही मुद्द्यांना उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम हे संगीत आहे तरी काय, ते पाहू. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांचे गाणे अपुरे वाटू लागले. रॉकच्या गिटार आणि ड्रमला त्यांनी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची बांधणी, जॅझमधली उपज आणि लोकसंगीताच्या चाली जोडल्या. १९६९ साली किंग क्रिमझन या गटाची पहिली तबकडी आली. पाठोपाठ येस, जेनेसिस, जेथ्रो टल, पिंक फ्लॉईड हे गट गाजले. जेनेसिसची 'सपर्स रेडी' ही १९७२ ची रचना सुमारे २३ मिनिटांची आहे. त्याच वर्षी जेथ्रो टलने 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' ही एकच रचना तबकडीच्या दोन्ही बाजू भरून वाजवली. या गटाचा प्रमुख इयन अँडरसन बासरी वाजवतो. एका पायावर उभे राहून बासरी वाजवण्याची त्याची लकब पाहून आपल्याला कोणाची आठवण होते, ते सांगायला नको.

आता पहिला मुद्दा, वेळेचा. हा प्रश्न आपण विचारावा याचे आम्हाला नवल वाटते. विलंबित ख्याल अर्ध्या तासात संपत नाही. कीर्तनाला आपण दोन-दोन तास बसतो. खानदेशातून सुरतेला आलेल्या कुटुंबांतल्या आजी-आजोबांनी वहीगायन आणि तमाशा रात्र-रात्र जागून ऐकलेला आहे. लांब ऐकणे ही आपली जुनी सवय आहे. ती मोडली मोबाइलने. तीस सेकंदांचे गाणे बोटाने वर सरकवायचे आणि पुढचे लावायचे, ही सवय मुलांना लागली आहे आणि खरे सांगायचे तर मोठ्यांनाही. अशा काळात पाच मुले बारा मिनिटांची एक रचना तीन महिने बसवतात, याकडे शाळेने कौतुकाने पाहायचे की कपाळाला आठ्या घालायच्या? वर्गात चाळीस मिनिटे एका विषयावर मन टिकत नाही, ही प्रत्येक शिक्षकाची अडचण आहे. मन टिकवण्याचा अभ्यास मुले स्वतःहून करत असतील, तर तो आम्हाला हवाच आहे.

दुसरा मुद्दा गोंगाटाचा. पिंक फ्लॉईडच्या १९७३ सालच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या तबकडीत 'मनी' नावाचे गाणे आहे. ते सात मात्रांत चालते. आपल्या रूपक तालाच्याही मात्रा सातच. गिटारच्या वादनाच्या वेळी तेच गाणे चाराच्या चालीत शिरते आणि मग पुन्हा सातांत परतते. तबला शिकणाऱ्या मुलांनी टाळी देऊन मोजून पाहावे, ही जागा नक्की सापडेल. मोजता आले की गोंगाट उरत नाही, त्यात हिशोब दिसू लागतो. शेजारच्या लूम कारखान्याची खटखट नवख्याला आवाजच वाटते, पण कारागिराला त्यातून धागा तुटल्याचे कळते. कानाला वळण लागले की असेच होते.

तिसरा मुद्दा, हे आपले नाही. मग पेटी तरी आपली होती का? हार्मोनियम युरोपातून आली. परकी आणि आपल्या श्रुतींना न मानवणारी म्हणून १९४० साली रेडिओवर तिला बंदी झाली आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली. बालगंधर्वांच्या नाटकांतला ऑर्गनही विलायती. आज पेटीशिवाय भजनी मंडळ उभे राहत नाही.

आणि मराठी माणूस या संगीतापासून दूर होता असेही नाही. मराठी रंगभूमीवरचे ज्येष्ठ नट-दिग्दर्शक आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे १९७० च्या दशकात मुंबईत रॉक गात होते. 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या रॉक संगीतिकेच्या मुंबईतल्या प्रयोगात त्यांनी जूडासची भूमिका गाजवली आणि पुढे १९७८ साली पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'मध्येही ते गायले. एकाच गळ्याला दोन्ही परकी वाटले नाहीत. २०१४ साली त्यांचे निधन झाले. आपल्या मुलांना त्यांचे नावही ठाऊक नाही, याची खंत वाटते.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे कबीर आम्हाला परीक्षेच्या प्रश्नांतून भेटला. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या गटाने २००३ साली 'झीनी' या अल्बममध्ये त्याच कबीराचे पद गिटार आणि तबल्यावर, सावकाश उलगडत गायले आहे. पद आहे बारीक विणलेल्या चादरीचे. कापडावर पोट भरणाऱ्या या शहरात ते मुलांना समजावून सांगायला वेगळा धडा लागत नाही. याच गटाच्या २००० सालच्या 'कंदिसा'मध्ये 'माँ रेवा' हे नर्मदेचे गीत आहे, आणि नर्मदा तर आपल्या शेजारच्या भरूचवरून वाहते. बंगळुरूच्या 'अगम'ने त्यागराजांच्या कृती रॉकमध्ये मांडल्या. मुंबईच्या 'कोशिश'ने २०१३ साली 'फिरदौस' हा संपूर्ण हिंदी अल्बम काढला. इंग्लंडचा 'पोर्क्युपाइन ट्री' हा या प्रकारातला नव्या पिढीचा गट २००९ साली पवईच्या आयआयटीत, मूड इंडिगो महोत्सवात वाजवून गेला, आणि २०२२ मध्ये त्यांचा नवा अल्बमही आला. म्हणजे हे संगीत जुन्या तबकड्यांत थांबलेले नाही.

या संगीतातले सगळेच चांगले आहे असा आमचा दावा नाही. ताना घेत बसणारा गवई जसा बंदिश विसरतो, तसे यातले काही वादक हाताच्या करामतीत रमतात आणि गाणे हरवते. १९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडमधल्याच तरुणांनी याला कंटाळून दोन-तीन मिनिटांचे साधे, रांगडे पंक संगीत उभे केले, ते उगाच नव्हे. चांगले-वाईट निवडायला मात्र आधी ऐकावे लागते. न ऐकता नाकारणे हे शिक्षणाच्या विरुद्ध आहे.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. मुलांना बारा मिनिटे मिळावीत. अटी तीन आहेत. आवाज लहान मुलांच्या कानांना सोसेल एवढाच असावा. रचना पूर्ण वाजवावी, टाळ्यांसाठी मध्येच तोडू नये. आणि वादनापूर्वी एका विद्यार्थ्याने सभागृहाला शुद्ध, सोप्या मराठीत सांगावे की आपण काय वाजवणार, मात्रा किती, चाल कोठे बदलते. ही तिसरी अट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या घरांत आजी अहिराणीत बोलते, आई-वडील मराठीत, आणि मुले मित्रांशी गुजराती-हिंदीत. तीन पिढ्या एका खोलीत बसून एकमेकांना सांगतील असे विषय कमी होत चालले आहेत. गाणे हा असा एक विषय होऊ शकतो.

पालकांना एक विनंती. रविवारी संध्याकाळी टीव्ही बंद करून मुलाला त्याचे आवडते लांब गाणे सर्वांसमोर लावायला सांगा आणि ते मध्ये न बोलता पूर्ण ऐका. मग तुमच्या आवडीचा भीमसेन जोशींचा एखादा अभंग किंवा राग लावा, आणि तो मुलानेही तसाच पूर्ण ऐकावा. दोन्ही आवडलेच पाहिजे असा नियम नाही. मात्र दोघांनी आपले मत कारणासह मांडावे.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी भेटूच. मागच्या रांगेतल्या पालकांनी मोबाइल खिशात ठेवून यावे, ही नम्र सूचना.