पंगत एका दिवसाची, की जन्माची?



वस्तीत एखादी नवी ख्रिस्ती मंडळी उभी राहते. उपासनेसाठी भाड्याची खोली घेतली जाते आणि मग घरोघर निमंत्रणे येतात. नाताळची गायनसभा, सुटीत मुलांसाठी वर्ग, रविवारच्या उपासनेनंतर प्रीतिभोजन. निमंत्रण आपल्याही दारी येते. त्यामागोमाग दोन आवाज येतात. एक म्हणतो, “जाऊ नका, हे आमिष आहे.” दुसरा म्हणतो, “अवश्य या, येथे सर्व एक आहेत.” मी वकील आहे. उलटतपासणीवाचून कोणाचीही साक्ष ग्राह्य धरू नये, अशी माझी आपणांस विनंती आहे.

प्रथम आमिषवाल्यास पिंजऱ्यात उभे करू. संविधानाच्या २५ व्या कलमाने धर्म आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांस सारखाच दिला आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास मर्यादा घातली. दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क प्रसारात येत नाही, असे ठरविले. तथापि आपली तत्त्वे उलगडून सांगणे हा प्रसारच होय, हेही त्याच निकालात मान्य झाले आहे. मग शेजाऱ्यास जेवावयास बोलावणे हा गुन्हा कसा? गरिबाला बुद्धी नसते, तो घासासाठी धर्म विकतो, या उर्मट समजुतीतून हा आरोप जन्मतो. आज शेजाऱ्यावर उगारलेली ही काठी उद्या आपल्या पाठीवर पडेल, हे विसरू नका.

आता दुसरा साक्षीदार. “सर्व एक” हे त्याचे म्हणणे. १९३८ च्या प्रारंभी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना डॉ. बाबासाहेबांनी दक्षिणेतील प्रार्थनामंदिरांत टिकून राहिलेल्या जातिभेदाकडे बोट दाखविले होते. तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत तर दलितांच्या थडग्यांना वेगळे करणारी भिंत उभारली गेली. ज्यांनी प्रभुभोजन एकत्र घेतले, त्यांच्या मातीलाही एकत्र विसावा मिळाला नाही!

मंडळीतील जाणत्यांना हे व्यंग ठाऊक नव्हते असे नाही. १९१० साली एडिनबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरिया यांनी गोऱ्या मिशनऱ्यांना स्पष्ट सुनावले: तुम्ही आम्हांस धन दिले, श्रम दिले, प्राणही वेचले, आता आम्हांस मित्र द्या. पुढे १९१२ साली ते अँग्लिकन पंथाचे पहिले भारतीय बिशप झाले. दान देणारा हात वरच राहतो. मैत्रीत दोन्ही हात एका पातळीवर येतात. त्यांच्या मागणीचे मर्म हेच होते.

म्हणून निमंत्रण आल्यास खुशाल जा, पण डोळे उघडे ठेवून जा. स्वयंपाक कोण करतो, वाढतो कोण? पंचांत कोणत्या घरांतील माणसे आहेत? आपल्या घरी येऊन भाकरी खावयास ते तयार आहेत काय? त्यांच्यात परस्पर सोयरिकी होतात काय? आणि एक प्रश्न कायद्याचा. १९५० च्या आदेशातील अनुसूचित जातींची मान्यता १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस मिळाली. ख्रिस्ती झालेल्यास ती नाही. तो अन्याय आहे, कारण जातीचा चटका बाप्तिस्मा विचारून बसत नाही. परंतु बाप्तिस्म्यापूर्वी ही गोष्ट जी मंडळी उघड सांगत नाही, तिच्या मैत्रीविषयी शंका घ्यावयास जागा आहे.

आणि हेच प्रश्न घरी परतल्यावर स्वतःलाही विचारा. आपल्या विहारात वंदनेनंतर पोटजात विचारली जात नाही ना? शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबास बुद्धजयंतीच्या भोजनास आपण कधी बोलाविले काय? त्यांच्या प्रार्थनासभेवर जमाव चालून आला, तर साक्षीस उभे राहण्याचे धैर्य आपणांत आहे काय? बंधुता आपण संविधानात वाचतो. तिची परीक्षा मात्र अशा वेळी शेजाऱ्याच्या दाराशी होते.