कॅबचा एसी: हिशेब किलोमीटरचा, खर्च मिनिटांचा

एप्रिल २०२४ मध्ये हैदराबादच्या अ‍ॅप-कॅब चालकांनी ‘नो एसी’ मोहीम सुरू केली. एसी हवाय? मग जादा पैसे द्या! अनेकांना हा आडमुठेपणा वाटला. पण जरा गणित करून बघूया.

पेट्रोल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो. गाडी सिग्नलला उभी असली तरी तो इंधन खातोच. म्हणजे हा खर्च अंतरापेक्षा वेळेवर जास्त ठरतो. समजा, एसीला तासाला अर्धा लिटर पेट्रोल लागतं आणि लिटरचा भाव १०० रुपये आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गेलात तर एसीचे किलोमीटरमागे साधारण ८० पैसे पडतात. ट्रॅफिकमध्ये वेग १५ वर आला, की तेच सव्वातीन रुपयांच्या पुढे जातात.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला इथे कच्चा दुवा दिसतो तो भाड्याच्या फॉर्म्युल्यात. जीपीएसवरून अ‍ॅपला अंतर आणि वेळ कळते. एसी चालू आहे की बंद, हे कळत नाही. मग भांडतात कोण? तुम्ही आणि ड्रायव्हरदादा. बुकिंग करतानाच एसी आणि विना-एसी अशी दोन भाडी समोर दिसली, तर निम्मा वाद गाडीत बसण्याआधीच मिटेल.