मराठी शाळेत रॉक कशाला?



येत्या स्नेहसंमेलनासाठी नववी-दहावीच्या मुलांनी बँड बसवण्याची परवानगी मागितली आहे. गिटार, ड्रम आणि आपल्या संगीतवर्गातला तबला. मंडळाच्या बैठकीत प्रश्न निघाला, 'मराठी शाळेत रॉक कशाला?' प्रश्न रास्त आहे. आम्ही त्याचे उत्तर एका जुन्या कॅसेटच्या आधाराने देतो.

दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या बँडचा 'कंदिसा' हा अल्बम २००० साली आला. त्या वर्षातला आमचा सर्वांत आवडता अल्बम तोच, अजूनही मत बदललेले नाही. तेव्हा आम्ही नुकतेच शिक्षक झालो होतो आणि आमचे कान भीमसेनजींवर पोसलेले. एका विद्यार्थ्याने कॅसेट आणून दिली, ती आम्ही नाइलाजानेच लावली. 'मा रेवा' सुरू झाले आणि वह्या तपासायच्या राहिल्या.

रेवा म्हणजे आपली नर्मदा. तिच्या खोऱ्यातले लोक पूर्वीपासून गातात ते हे भजन. बँडमध्ये गाणारे व बेस गिटार वाजवणारे राहुल राम १९९०च्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते, तिथून ते त्यांच्याकडे आले. (पालकांसाठी एक माहिती: त्याआधी त्यांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली होती. गिटारमुळे अभ्यास बुडतोच असे नाही.) धरणांच्या वादात आम्ही इथे शिरत नाही. पण जलूदहून विंध्याचा चढ चढून आलेले नर्मदेचे पाणी इंदूर १९७८पासून पीत आहे, आणि त्या नदीचे गाणे आम्हाला दिल्लीवाल्यांनी ऐकवावे, याची तेव्हा थोडी लाज वाटली.

अल्बममध्ये गाणी सातच, पण कुठे घाई नाही. सुश्मित सेन यांची गिटार मध्येच सतारीच्या जवळ जाते. अमित किलम ड्रम वाजवतात. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवताच गात. २००९च्या डिसेंबरात ते गेले. 'हिल्ले ले' हे गोरख पांडे यांच्या भोजपुरी कवितेवरचे गाणे तर मुलांना बसल्या जागी हलवते. 'खजुराहो' मात्र आम्हाला जरा लांबल्यासारखे वाटते. असो.

खरी गोष्ट शीर्षकगीताची. ते केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेतले आहे, भाषा प्राचीन ॲरामाइक. 'कंदिसा' म्हणजे पवित्र. ही मंडळी घरात मल्याळम बोलतात, पण ती जुनी भाषा प्रार्थनेत टिकली. हे कळले तेव्हा आम्हाला आमचेच घर आठवले. आमचे पदवीपर्यंतचे सारे शिक्षण हिंदीत झाले. मराठी आमच्याकडे राहिली ती पाठ्यपुस्तकांमुळे नव्हे. आईचा हरिपाठ आणि गणपतीच्या आरत्या यांमुळे राहिली. अर्धे शब्द कळत नसत, पण पाठ होते. अर्थ पुढे हळूहळू सापडत गेला.

शेजारी देवासला कुमारजींनी माळव्याच्या लोकधुना मन लावून ऐकल्या आणि आपल्या गाण्यात आणल्या. लोकगीत मंचावर आले म्हणून बाटले नाही. मग ते ड्रमने बाटेल, असे आम्ही तरी म्हणणार नाही.

तेव्हा आमचे मत असे की मुलांना परवानगी द्यावी, अट एकच. आजी-आजोबांकडून एक ओवी, आरती किंवा भजन घ्यावे, शब्द बदलू नयेत, आणि ते बसवावे. सिनेमाची गाणी नकोत, ती लग्नात भरपूर होतात. कुणाच्या घरी जात्यावरच्या ओव्या अजून पाठ असतील तर मुलांना आपल्याकडे बोलवावे. चहा त्यांना चालतो, पोहे जास्त चालतात.

पुढच्या बैठकीपूर्वी विश्वस्तांनी हा अल्बम एकदा ऐकावा, ही विनंती. कॅसेट कार्यालयात आहे. टेपरेकॉर्डर बिघडला आहे, पण दहावीची मुले मोबाइलवर लावून देतील.