बी.ए.चं ओझं कुणाच्या पाठीवर?

माझ्या टोळीत एक बी.ए. आहे. राज्यशास्त्र घेऊन झालेला. मी दहावी. गोदीत गोणी दोघांच्या पाठीवर एकाच वजनाची पडते. मुकादम शिवी एकच देतो. मजुरीही एकच. फरक एवढाच, त्याच्या आईच्या नावावर कर्ज आहे. माझ्या आईच्या नाही.

म्हंजे मी जिंकलो की काय? न शिकून?

परवा वस्तीच्या समाजमंदिरात एक साहेब मार्गदर्शन करायला आले. कडक इस्त्रीचा शर्ट. फळ्यावर दोन रकाने पाडले. डावीकडे खर्च, उजवीकडे कमाई. बी.ए.च्या कमाईखाली भलंमोठं शून्य. म्हणाले, "पोरांनो, आर्ट्सच्या नादी लागू नका. हाताचं काम शिका." टाळ्या पडल्या. माझी धाकटी बहीण पुढच्या रांगेत होती. बारावी झालीय, इतिहास घेऊन बी.ए. करायचंय. तिने टाळी वाजवली नाही.

साहेब, तुमचं शून्य मी खोटं म्हणत नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाचा २०२३ चा अहवाल सांगतो, काम मागणाऱ्या पंचविशीच्या आतल्या पदवीधरांत शंभरातले बेचाळीस बेकार. हे आम्ही आकड्याआधी नाक्यावर पाहिलंय. पण तुमचे दोन्ही रकाने अर्धे आहेत.

डावा रकाना बघा. अनुदानित कॉलेजात आमच्या पोरीची फी शिष्यवृत्तीतून भागते. मग कर्ज कशाचं? गाडीचा पास, पुस्तकं, खाणं, आणि तीन वर्षं घरात न येणारी तिची मजुरी. ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात होते तेव्हाची. २०२१ च्या केंद्राच्या नियमांत घरून ये-जा करणाऱ्या साध्या बी.ए.वाल्याला भत्ता किती? वर्षाला ३,००० रुपये. महिन्याला अडीचशे. एवढ्यात तुमच्या शर्टांची इस्त्री तरी होते का?

बँकेत जावं? २००९ साली केंद्राने गरीब पोरांच्या शैक्षणिक कर्जाला व्याजसवलत आणली, ती तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना. साधा बी.ए. दाराबाहेर. म्हणून आमचं शिक्षणाचं कर्ज बँकेच्या वहीत शोधू नका. ते बायकांच्या गटाच्या हप्त्यात आहे. आमच्या बी.ए.च्या आईने शेवटच्या वर्षाला ४०,००० उचलले, चोवीस टक्क्यांनी, दोन वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता २,११५. फिटेस्तोवर ५०,७६० रुपये. फायनान्सवाला दारात बसला की पोराची पदवी भिंतीवर असते आणि आई शेजारणीकडे हात पसरत असते.

आता उजवा रकाना. कमाई. त्यात तुम्ही जात धरलीच नाही! २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी अभ्यास छापला. खाजगी नोकऱ्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले, आडनावं तेवढी वेगळी. दलित आडनावाला बोलावणं कमी आलं. मग शून्य बी.ए.चं की आडनावाचं?

आणि हे आजचं नाही. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. अट अशी, की परत येऊन संस्थानची दहा वर्षं चाकरी. १९१७ ला चाकरीला हजर झाले तर राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. तिथं काय पदवी कमी पडली होती? त्यांनाही उद्या कुणी फळ्यावर शून्य काढून दाखवायचं?

अजून एक गोष्ट तुमच्या फळ्यावर नाही. गेल्या साली कंत्राटदाराने आमच्या ओव्हरटाइमला कात्री लावली. आम्ही अंगठेबहाद्दर नव्हतो, तरी मुकाट सही ठोकून आलो असतो. त्या बी.ए.ने चिठ्ठी वाचली, कायदा काढला, अर्ज लिहिला. अकरा जणांचे पैसे परत आले. हे कुठल्या रकान्यात मांडता?

दोस्तांनो, बाबासाहेब शिका म्हणाले. आईला गहाण ठेवून शिका म्हणाले नाहीत. म्हणून दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो. विनाअनुदानित दुकानात लाखाचं कर्ज काढून तीन वर्षांचा कागद विकत घेऊ नका. प्रवेशाआधी लेखी विचारा, शिष्यवृत्ती लागू आहे का? आईची सही गटाच्या कागदावर पडू देऊ नका. आणि साहेबाचं ऐकून घरीही बसू नका. एकट्याने फॉर्म भरून वाट बघत बसण्यापेक्षा पन्नास जण मिळून समाजकल्याणच्या ऑफिसात जा. मागा: भत्ता जगण्यापुरता पाहिजे, सत्र सुरू व्हायच्या आत पाहिजे, बी.ए.लाही व्याजसवलत पाहिजे. ही भीक नाही. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेतलं त्याची ही थकबाकी आहे. कर्जदार आम्ही नाही, तुम्ही आहात!

त्या रात्री आई म्हणाली, "गटातून वीस हजार उचलते, पोरीचं नाव घालू." मी म्हणालो, "आये, पेन ठेव खाली." बहीण कॉलेजात जाणार. यंदा दोन पाळ्या जास्त मारीन. पण माझी पाठ हे काही उत्तर नव्हे, हे मला कळतं. ज्या पोरीला भाऊ नाही, तिने काय करायचं?

त्या पोरीसाठी लढायचंय. जय भीम.