सुई भरणाऱ्यालाही औषध कळले पाहिजे

गाईच्या पोटातले प्लॅस्टिक काढायचे असो, अडलेल्या म्हशीचे रेडकू पोट फाडून काढायचे असो, की बैलाचे सडलेले शिंग कापायचे असो. शस्त्रक्रिया पशुवैद्यक करतात. पण जनावर पाडणे, बाटली हातात देणे, सिरिंज भरणे ही कामे परिचर, व्रणोपचारक किंवा पशुधन पर्यवेक्षकाकडे असतात. डॉक्टरांचे दोन्ही हात गुंतलेले असताना बाटली मदतनीसच वाचणार. तेव्हा या मदतनिसांना औषधांचे रीतसर शिक्षण मिळालेच पाहिजे.

शेतकरी बंधूंनो, तणनाशकाची मात्रा चुकली तर पीक जळते, हे तुम्हाला सांगायला नको. इथेही तोच हिशेब आहे. गुंगीचे झायलाझीन गाईला घोड्याच्या सुमारे एक दशांश मात्रेत पुरते. घोड्याची मात्रा गाईला दिली तर जिवावर बेतते. शिवाय शेवटच्या महिन्यांतल्या गाभण गाईला त्याने गाभ टाकण्याचा धोका असतो. म्हणून मदतनिसाने आधी विचारावे, "गाभण आहे का? कितवा महिना?"

जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचे बघा. बाटलीवर २ टक्के लिहिलेले असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध. शेळीला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. १० किलोच्या करडाला झाले ५० मिलिग्रॅम, म्हणजे फक्त अडीच मिलिलिटर. गाईच्या अंदाजाने सिरिंज भरली तर करडू झटके येऊन दगावू शकते. हे साधे त्रैराशिक आहे, पण ते कुणीतरी शिकवायला हवे.

शस्त्रक्रियेनंतरही काळजी संपत नाही. डायक्लोफिनॅक दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, तर गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होते. म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६ साली बंदी आली; २०२३ साली किटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅकही बंद झाले. मेलॉक्सिकॅम हा चांगला पर्याय आहे. कोणती बाटली कपाटात नको, हे मदतनिसाला ठाऊक हवे. तसेच प्रतिजैविक दिल्यावर दूध किती दिवस डेअरीत घालायचे नाही, हेही. २०१२ च्या नियमाप्रमाणे ही मुदत वेष्टनावर छापावी लागते. औषधाची मुदत तपासून ठरलेली नसेल तर दुधासाठी किमान ७ दिवस धरतात.

मदतनिसाला डॉक्टर करा, असे आमचे म्हणणे नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने त्याला किरकोळ सेवा पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच करता येतात, आणि ते योग्यच आहे. पण देखरेखीखाली काम करणाराही जाणता हवा. तालुक्याच्या दवाखान्यात दरवर्षी दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण ठेवा. वजनाचा अंदाज, मात्रेचे गणित, लेबल वाचणे, भरलेल्या सिरिंजवर नाव लिहिणे, टोचण्याआधी औषध व मात्रा मोठ्याने म्हणणे आणि काम संपेपर्यंत रिकामी बाटली न फेकणे, एवढे शिकवले तरी पुष्कळ झाले. नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने त्यासाठी सोपी मराठी पुस्तिका द्यावी.

सरपंच मंडळींनी असा ठराव करून जिल्हा परिषदेकडे धाडावा. आणि पशुपालकांनो, केसपेपरवर औषधाचे नाव, मात्रा आणि दुधाचे दिवस लिहून मागा. संकोच करू नका. जनावर तुमचे आहे, आणि ते गेले तर घरातली एक चूल विझते.