मागचा धक्का आणि स्प्रिंगचा काटा

क्रूझर मोटारसायकलवरील स्वार दुरून मोठ्या ऐटीत बसलेला दिसतो. आसन खाली, पाय पुढे पसरलेले, हात रुंद हँडलवर. खड्डा आला की हीच ऐट मणक्याच्या मुळावर येते. साध्या दुचाकीवर मनुष्य पायांवर किंचित उठून धक्का गुडघ्यांत जिरवतो. येथे पावले पुढे असल्याने ती सोय नाही. त्यात आसन खाली ठेवण्यासाठी मागच्या चाकाला वर-खाली होण्यास बहुधा जागाही कमी दिलेली असते. मागे बसणाऱ्या गृहिणीचे हाल तर विचारूच नयेत. तिची बैठक जवळजवळ चाकावरच येते.

हार्ले-डेव्हिडसनने १९८४ च्या मॉडेलपासून आणलेल्या ‘सॉफ्टेल’मध्ये जुन्या, मागे स्प्रिंग नसलेल्या गाड्यांचे रूप राखण्यासाठी शॉक अब्सॉर्बर गिअरबॉक्सखाली आडवे दडवले होते. चाक वर उचलले की ते दबण्याऐवजी लांबत. २०१८ च्या मॉडेलपासून तेथे आसनाखाली एकच शॉक आला. आपल्याकडील रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५० वर मात्र ते दोन्ही बाजूंना उघडे दिसतात आणि स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीचा दाब, सहा पायऱ्यांत बदलता येतो.

या पायऱ्यांविषयी एक गैरसमज फार पक्का आहे. पायरी वाढवली की स्प्रिंग कडक होते, असे बहुतेकांना वाटते. दुकानातील स्प्रिंगचा काटा आठवावा. शून्य जुळवण्याचा स्क्रू फिरवला तर दर्शक सरकतो, परंतु एका किलोला तो जितका उतरायचा तितकाच उतरतो. प्रीलोडचेही तसेच. त्याने गाडी बसण्याची उंची बदलते, स्प्रिंगचा स्वभाव नव्हे.

म्हणूनच ‘मागून फार आदळते, सैल करा’ ही मागणी पुष्कळदा उलटी ठरते. दोन माणसे आणि मालाचे गाठोडे यांनी गाडी आधीच इतकी दबलेली असते की लहानशा खड्ड्यातही शॉक तळाशी टेकतो. तो आदळ कडक स्प्रिंगचा नसतो, संपलेल्या जागेचा असतो. अशा वेळी पायरी वाढवली की आराम मिळतो.

खात्री करण्यास मोजपट्टी पुरते. मागचे चाक अधांतरी असताना आसापासून वरच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग नेहमीच्या भारासह स्वाराला बसवून, गाडी सरळ धरून, पुन्हा मोजावे. चाकाची एकूण हालचाल १०० मिलिमीटर असेल तर साधारण ३० मिलिमीटरचा फरक योग्य. फरक अधिक असल्यास पायरी वाढवावी, कमी असल्यास उतरवावी. काम गाडीसोबत मिळणाऱ्या वाकड्या पान्याने, सायलेन्सर गार झाल्यावर करावे आणि दोन्ही बाजूंची पायरी एकच ठेवावी. एक बाजू विसरणारे महाभाग कमी नाहीत.

खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा झुलत राहत असेल, किंवा शॉकवर तेलाचा ओघळ दिसत असेल, तर पायरीशी खेळणे व्यर्थ. आतील तेलाचा अटकाव संपलेला असतो आणि शॉक दुरुस्त करणे किंवा बदलणेच भाग पडते. तसेच सहाव्या पायरीने गाडीची भारमर्यादा वाढत नाही. ती पुस्तिकेत छापलेली असते, आणि तांदळाचे पोते चढवण्यापूर्वी ती वाचलेली बरी.